फाडला तरी न मरणारा चेक

पगाराचा चेक फाडायला दोन सेकंद लागतात. तोच पेरोल सॉफ्टवेअरमधून घालवायचा म्हटलं की दुपार जाते, कारण त्या कागदामागे करकपात, कर्जाचा हप्ता, रजेचा हिशेब, वर्षभराची बेरीज असं सगळं वऱ्हाड उभं असतं.

पहिला मोह डिलीटचा. माझं ऐकाल तर ते बटण ठेवणाऱ्याला एकदा ऑडिटरसमोर बसवावं. डिलीट केलं की नंबरच गायब. ४१७ नंतर एकदम ४१९ दिसल्यावर ऑडिटरच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते त्याच्या स्वतःच्या पगाराच्या दिवशीही येत नसेल. व्हॉइड, म्हणजे रद्द, केलं तर नंबर राहतो, रक्कम शून्य होते आणि उलटी नोंद पडते.

मग सॉफ्टवेअर साळसूदपणे विचारतं, व्हॉइडची तारीख कोणती? मूळ तारीख द्यावी तर बंद केलेल्या महिन्याचे आकडे हलतात आणि भरून झालेलं कराचं विवरण जुळेनासं होतं. आजची द्यावी तर चालू महिन्यात उणे पगार दिसतो आणि साहेब विचारतात, "हा माणूस आपल्याला पैसे देतो का?" तरीही महिना बंद झाला असेल तर मी आजचीच देईन. साहेबांना समजावणं सुधारित विवरण भरण्यापेक्षा सोपं. वर्ष उलटलं असेल तर मात्र ते सुधारित विवरणही बहुधा टळत नाही.

चेक नुसता हरवलाय, आकडे बरोबर आहेत? मग पगार पुन्हा काढायचाच नाही. आधी बँकेत स्टॉप पेमेंट, म्हणजे हा चेक वटवू नका असं सांगणं, मग तीच नोंद नव्या नंबरने छापायची आणि जुना नंबर शून्य रकमेने व्हॉइड दाखवायचा. उत्साही मंडळी जुना तसाच ठेवून नवा पगार काढतात. उत्पन्न दुप्पट, कर दुप्पट, हप्ता दोनदा, रजाही दोनदा जमा. यातल्या फक्त शेवटच्या चुकीबद्दल कर्मचारी तक्रार करत नाही.

पगार थेट खात्यात गेला असेल तर व्हॉइडने एक पैसाही परत येत नाही. ते बँकेला वेगळं सांगावं लागतं, तेही लवकर.

आणि प्रिंटर. नंबर छापलेले कोरे चेक भरताना वरचा एक खराब झाला म्हणून टाकून दिला, पण सॉफ्टवेअरमधला पुढचा नंबर बदलला नाही, की पुढची अख्खी गड्डी एका नंबराने सरकते. महिनाअखेरीला बँकेचा ताळमेळ घालताना शिपायाचा पगार मॅनेजरच्या चेकवर वटलेला दिसतो.