मध्यरात्रीचा फेरफार

शनिवारी रात्री पावणेबाराला मोबाइल थरथरला तेव्हा मी दात घासत होतो. डेटाबेस सर्व्हरची डेटाची डिस्क ९७ टक्के भरली होती. ८० टक्क्यांचा इशारा सकाळीच येऊन गेला होता. तो मी 'सोमवारी बघू' म्हणून बाजूला सारला होता. ब्रश तोंडात तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. ५०० जीबीपैकी उरली होती १५ जीबी, आणि तीही तासाला चारेक जीबीच्या वेगाने चालली होती. म्हणजे पहाटे साडेतीनच्या सुमारास खेळ खलास.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, हा तसा सोशिक गडी. पण प्रत्येक बदलाची तो आधी एक नोंद करतो. रोजकीर्दच म्हणा ना, तिला वॉल म्हणतात. ही रोजकीर्द लिहायला जागा उरली नाही की तो कुरकुरत बसत नाही. लॉगमध्ये 'पॅनिक' म्हणतो आणि आडवा होतो.

ड्यूटीवरच्या ज्युनिअरला फोन लावला. पोरगा हुशार, पण अंमळ उत्साही.

"सर, पीजी-वॉल फोल्डरमध्ये फाइलींचा ढीग लागलाय. जुन्या जुन्या उडवू का?"

"हात लावशील तर याद राख!" मी ब्रशसकट ओरडलो. पेस्टचा फेस स्पेसबारवर पडला. या फोल्डरचं नाव पूर्वी पीजी-एक्सलॉग होतं. नावात 'लॉग' दिसलं की लोक रद्दी समजून ते साफ करायचे, आणि मग डेटाबेस उठायचाच नाही. शेवटी २०१७ साली, दहाव्या आवृत्तीत, नावच बदलावं लागलं. हा इतिहास मी त्याला पाच मिनिटं ऐकवला. ढीग लागलाच कसा, हे मात्र विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: जागा वाढवायची.

क्लाउडवर जागा वाढवणं म्हणजे ५०० खोडून १००० लिहायचं आणि बटण दाबायचं. त्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, घ्यायचा. त्याचा टक्का असा सरकत होता, की मध्ये जाऊन चूळ भरून आलो तरी ११चे १२ झाले नव्हते. अखेर डिस्क हजाराची झाली. मी डीएफ मारलं, म्हणजे जागा किती ते दाखवणारी कमांड. ५००. पुन्हा मारलं. ५००. डीएफचं लिफ्टच्या बटणासारखं असतं, तिसऱ्यांदा जोरात दाबलं की बरं वाटतं एवढंच.

"काय रे, झोपला नाहीस?" बाबा दारात उभे. गावाहून दोन दिवसांसाठी आले होते. सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, भूकरमापक म्हणून. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण 'मोजणी' शब्द ऐकला की अजून ताठ बसतात.

"जागा घेतली बाबा, पण दिसत नाहीये."

बाबांनी चष्मा लावला. "फेरफार झाला का?"

मी हसणार होतो, पण हसू आलं नाही, कारण नेमकं तेच झालं नव्हतं. खरेदीखत झालं म्हणून सातबाऱ्यावर क्षेत्र वाढत नाही, तसंच इथे. डिस्क वाढली तरी तिच्यातलं पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला तुकडा, जुन्याच बांधाशी थांबलेलं. त्यावर जागेची वाटणी सांभाळणाऱ्या एलव्हीएमचा फिजिकल व्हॉल्यूम, त्यावर लॉजिकल व्हॉल्यूम आणि सगळ्यात वर फाइली मांडून ठेवणारी फाइलसिस्टिम. चार टेबलं, चारही ठिकाणी स्वतंत्र अर्ज, आणि कुणीही आपणहून पुढच्याला कळवणार नाही.

"बरोबर आहे की मग. क्रमाने घे," बाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

पहिलं टेबल ग्रोपार्ट, पार्टिशन वाढवायची कमांड. यात डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा आकडा यांच्यामध्ये एक स्पेस सोडायची असते. मी ती सोडली नाही. ५०० जीबीसाठी जीव टाकणाऱ्या माणसाला अक्षराएवढी जागा सोडायचं सुचू नये! दुसऱ्यांदा स्पेस दिली, बांध सरकला. पीव्हीरिसाइझ आणि एलव्हीएक्स्टेंड अजिबात न कुरकुरता झाले, इतके की मलाच संशय आला. मग शेवटची कमांड, रिसाइझ-टू-एफएस. एंटर मारला आणि उत्तर आलं: बॅड मॅजिक नंबर इन सुपर-ब्लॉक.

रात्री सव्वाला असलं वाक्य वाचून छातीत काय होतं ते सांगता येत नाही. आख्ख्या कंपनीचा डेटा ज्या डिस्कवर, तिचा जादूचा आकडा चुकलाय म्हणे. पाठीतून घामाची धार गेली.

"कसली जादू?" बाबांनी विचारलं.

"फाइलसिस्टिमची ओळख पटवणारा आकडा असतो बाबा..." बोलता बोलता उजेड पडला. ही डिस्क एक्सएफएस नावाच्या फाइलसिस्टिमची होती, आणि मी सवयीने ईएक्सटी-फोर या दुसऱ्याच फाइलसिस्टिमची कमांड चालवली होती. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. एका गावचा नकाशा मी दुसऱ्या गावच्या तलाठ्यापुढे धरला होता, आणि तो 'हा आमचा नव्हे' एवढंच म्हणाला होता. एक्सएफएस-ग्रोएफएस मारलं. सेकंदही लागला नाही. डीएफ: एक हजार.

मी हात वर केले. बाबा मात्र आकड्यांकडेच बघत होते. "पण दोन दिवसांत एवढी जागा गेली कुठे? इतर हक्कात कुणाचं नाव राहून गेलंय का बघ. कूळ गाव सोडून जातं, नाव तसंच राहतं."

मी मुकाट्याने रेप्लिकेशन स्लॉटची यादी काढली. एकच ओळ होती: 'टेस्ट_दोन', निष्क्रिय. गुरुवारी संध्याकाळी चाचणीचा रेप्लिका सर्व्हर, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या नोंदी वाचून त्याची नक्कल ठेवणारा, मीच बंद केला होता. स्लॉट काढायचा राहिला. स्लॉट म्हणजे मुख्य सर्व्हरने दिलेला शब्द: तू वाचेपर्यंत एकही नोंद टाकणार नाही. पाहुणा कायमचा गेला आणि हा बिचारा ताटं वाढतोच आहे. तेरा हजारांवर ताटं, प्रत्येकी १६ एमबीचं. या उदारपणाला मर्यादा घालायची सोय तेराव्या आवृत्तीपासून आहे. मूळ सेटिंग मात्र उणे एक, म्हणजे अमर्याद, आणि आम्ही ते मोठ्या विश्वासाने तसंच ठेवलं होतं.

स्लॉट काढला. पुढच्या चेकपॉइंटला, म्हणजे डेटाबेसच्या नेहमीच्या आवराआवरीला, ज्युनिअरचा मेसेज आला: "सर, ढीग गेला! मी हात लावलेला नाही!!" डिस्कचा आकडा २८ टक्क्यांवर आला. मी त्याला अंगठा पाठवला. माफी मागायची हिंमत सोमवारी होईल.

"म्हणजे जुन्या पाचशेतच भागत होतं," बाबा म्हणाले.

"हो."

"मग वरची परत कर."

एक्सएफएसवर काम सुरू झालं १९९३ मध्ये, सिलिकॉन ग्राफिक्समध्ये, महाकाय डिस्क डोळ्यांसमोर ठेवून. घेतलेली जागा कुणी परत द्यायला येईल असं त्या मंडळींच्या स्वप्नातही आलं नसावं. ही फाइलसिस्टिम वाढते, व्यवहारात कमी होत नाही. क्लाउडवरची डिस्कही तशीच. कमी करायची तर नवी लहान डिस्क घ्या, सगळा डेटा तिकडे हलवा आणि जुनी सोडा. म्हणजे आणखी एक रात्र. हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून त्याची घडी घातली.

"पाचशे पडीक," ते उठत म्हणाले. "आणि शेतसारा दर महिन्याला?"