मायस्थेनिया असेल तर जुलाबाची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका

इंदूरमध्ये पोट बिघडलं की डॉक्टरकडे जातं कोण? कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ‘लूज मोशन’ एवढं म्हटलं की ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी हातात पडते. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री उशिरापर्यंत खाऊन आलेला धडधाकट माणूस ती सहज पचवतो. मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराच्या पेशंटचा मात्र त्या गोळीनं श्वास अडू शकतो. ही पट्टी चिठ्ठीशिवाय मिळूच नये, असं माझं ठाम मत आहे.

या आजारात बिघाड असतो तो नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे. नसेतून सुटलेलं ॲसिटिलकोलीन हे निरोप देणारं रसायन स्नायूवरच्या ज्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, त्यांनाच बहुतेक पेशंटच्या अँटिबॉडी निकामी करतात. म्हणून सकाळी डोळे छान उघडे असतात आणि संध्याकाळी पापणी उतरते, एकाचे दोन दिसतात. पहिली पोळी चावून होते, दुसरीला जबडा थकतो. घरचे म्हणतात, आळस आहे. आळसानं पापणी पडत नाही हो.

पायरिडोस्टिग्मीन हे या आजारावरचं नेहमीचं औषध. ते ॲसिटिलकोलीनला जास्त वेळ टिकवतं. 60 मिलिग्रॅमची साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि 3-4 तास चालते, म्हणून गिळायला त्रास असेल तर ती जेवणाआधी तेवढा वेळ घ्यायची. पण हीच गोळी आतड्यांनाही जोर देते. मुरडा येतो, जुलाब होतात. पेशंट मेडिकल गाठतो, आणि मिळालेलं ओफ्लॉक्सासिन नस आणि स्नायूच्या नेमक्या त्याच कमजोर जोडावर घाव घालतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन त्याचीच भावंडं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेनं 2011 मध्ये या गटावर मायस्थेनियासाठी सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

ॲझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, शिरेतून दिलं जाणारं मॅग्नेशियम, प्रोप्रॅनोलॉल, हेही न विचारता नको. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा यात येतात, आणि थेंबांना औषध म्हणून कोणी मोजतच नाही. ही यादी पाकिटात ठेवा. हिंदीत लिहा, मेडिकलवाल्याला वाचता यायला हवी.

जुलाब झालेच तर ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात कालवून घोट घोट प्या आणि न्यूरोलॉजिस्टला फोन करा. सोबत घाम, लाळ, स्नायूंची फडफड असेल तर पायरिडोस्टिग्मीनचा डोस जास्त होत असू शकतो. अशा वेळी अशक्तपणा वाटतो म्हणून गोळी मनानं वाढवू नका.

आणि एक मोजणी रोज करा. खोल श्वास घ्या, सेकंदाला दोन या वेगानं मोठ्यानं आकडे म्हणा. एका श्वासात 20 च्या पुढे जाता येत नसेल, आकडा रोज घसरत असेल किंवा पाणी नाकातून परत येत असेल, तर ओपीडीच्या रांगेत बसू नका. थेट आयसीयू असलेल्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.