पहिल्या इंजेक्शनचा आकडा काय सांगणार?

कुटुंबनियोजनाची नवी साधने आरोग्य केंद्रांत कशी दिली जातात, याची तपासणी बहुधा साठ्याच्या नोंदवहीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. कपाटात दर तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या कुप्या आहेत, ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळ्या आहेत, महिन्याभरात इतक्या जणींना पहिले इंजेक्शन दिले, झाले मूल्यमापन! माझ्या मते केंद्राची खरी परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या इंजेक्शनला होते.

इंदूरला रामबागेत आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी एका सरकारी केंद्रात अंतरा घेतले. पुढे पाळी आली नाही, तेव्हा ‘घाण रक्त आत साठतंय’ असा निकाल सासूबाईंनी देऊन टाकला. कार्डावर पुढची तारीख होती, शिक्काही होता. पण या इंजेक्शनाने पाळी अनियमित होते, मध्येच अंगावरून जाते, काही जणींची ती बंदही होते आणि त्यात रक्त साठण्यासारखे काही नसते, हे समजावून सांगायला तिथे कोणाला सवड झाली नव्हती. बाई पुन्हा गेल्या नाहीत. केंद्राच्या कागदोपत्री त्या अजून ‘लाभार्थी’ असतील.

अंतरा आणि छाया 2017 पासून सरकारी कार्यक्रमात आहेत. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातील विवाहित स्त्रियांमध्ये नसबंदीचे प्रमाण सुमारे 38 टक्के, तर इंजेक्शनचे एक टक्क्याहूनही कमी आढळले. दोष साधनाचा म्हणावा, तर बाईला इतर पर्याय सांगितले का, त्रास काय होऊ शकतो हे सांगितले का आणि तो झाल्यास काय करायचे हे सांगितले का, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत. आणि तेही केंद्राच्या दारात नव्हे, तर परत न आलेल्या बायकांच्या घरी जाऊन. (तपासणी पथके तिथवर क्वचितच पोहोचतात, जेवणाची सोय केंद्रावर असते.) तारखेनंतर तीन आठवड्यांनी आलेल्या बाईला ‘उशीर झाला’ म्हणून परत पाठवले जाते का, हेही पाहावे, कारण नियमाप्रमाणे चार आठवड्यांपर्यंतच्या उशिराने इंजेक्शन देता येते.

दंडात त्वचेखाली बसवायचे गर्भनिरोधक इम्प्लांट आता निवडक जिल्ह्यांत येऊ लागले आहे. ते किती जणींना बसवले, या आकड्याच्या आधी मुदत संपण्यापूर्वी काढून मागणाऱ्या बाईला ते त्याच केंद्रात, हुज्जत न घालता काढून मिळते का, याची नोंद तक्त्याच्या पहिल्या रकान्यात हवी.