गाल लाल झाले म्हणून पोटाला दोष कशाला?

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरतो आहे. त्याचा सार असा: चाळिशीनंतर गाल-नाक लाल होऊन पुटकुळ्या आल्या तर ती पोटातली उष्णता. चहा-तिखट बंद करा, लिंबू-बेसन-हळद चोळा, वाफ घ्या, रात्री मेडिकलवरची गोरेपणाची ट्यूब लावा. २१ दिवसांत कायमचं जातं, डॉक्टर नको. या निरोपात वर्णन केलेला त्रास बऱ्याचदा रोझेशिया या त्वचेच्या आजाराचा असतो, आणि सांगितलेले बहुतेक उपाय तो वाढवणारे आहेत.

‘ही पोटातली उष्णता’

उष्णता खरी, पण ती चेहऱ्यातच असते. रोझेशियात चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या क्षुल्लक कारणाने फुलतात, उष्णता आणि तिखट ओळखणारे मज्जातंतू लवकर चेततात, आणि त्वचेचं स्वतःचं संरक्षण गरजेपेक्षा जास्त जोरात काम करून दाह निर्माण करतं. केसांच्या मुळाशी सगळ्यांच्याच चेहऱ्यावर राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे इथे संख्येने जास्त सापडतात. हे अस्वच्छतेचं लक्षण नव्हे, त्यामुळे घासून उपयोग नाही. त्रास साधारण तिशी ते पन्नाशीत सुरू होतो. मुरमांपेक्षा तो वेगळा ओळखायची सोपी खूण म्हणजे यात काळी-पांढरी टोकं (ब्लॅकहेड-व्हाइटहेड) नसतात.

गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर लाली नीट दिसत नाही, तपकिरी छटा दिसते. ‘वांग आलंय’ म्हणून उपचार सुरू होतात आणि वर्ष जातं. अशा वेळी रंगापेक्षा जाणिवेवर जास्त भरवसा ठेवावा: गाल तापतात का, साधं क्रीमही झोंबतं का? पाळी जाण्याच्या दिवसांतले गरम झोत वेगळे. ते छाती-मानेपासून येतात, घाम फुटतो आणि काही मिनिटांत ओसरतात. दोन्ही एकत्रही असू शकतात.

‘चहा बंद करा’

दोष चहाचा नाही, तापमानाचा आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोझेशियाच्या रुग्णांना ६० अंश सेल्सियसची कॉफी आणि तेवढंच गरम साधं पाणी दिलं, तेव्हा दोन्हींनी चेहरा लाल झाला. थंड कॉफीने झाला नाही. म्हणजे चहा सोडायचं कारण नाही, पेला हातात आरामात धरता येईल इतका निवू द्यावा. तिखटाचं प्रकरण वेगळं. मिरचीतला घटक थेट त्या उष्णता ओळखणाऱ्या तंतूंना चेतवतो, त्यामुळे पोह्यांवर मुठीने जीरावण (वरून भुरभुरायचा तिखट मसाला) घालणाऱ्याला त्रास होऊ शकतो. पण प्रत्येकाचं कारण निराळं असतं. कुणाला तिखट चालतं आणि मे महिन्यातलं राजवाड्याचं ऊन नाही, कुणाला दारू, कुणाला तापल्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणं. चार आठवडे वहीत नोंद करा: काय खाल्लं, ऊन किती लागलं, झोप कशी झाली, चेहरा कधी तापला. जे तीनदा जुळलं तेच टाळा. सगळंच सोडणाऱ्याचा निर्धार फार दिवस टिकत नाही.

‘लिंबू-बेसन-हळद चोळा, वाफ घ्या’

लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, निरोगी त्वचेचा पाचच्या जवळ. रोझेशियात त्वचेचा वरचा थर आधीच कमजोर असतो, त्यावर हे आम्ल आणि वरून बेसनाची घासणी. वाफ म्हणजे तर सरळ उष्णताच. पार्लरमधलं ब्लीच, स्क्रब आणि गरम टॉवेल याच पंगतीतले. बर्फ चोळणंही नको. वाटल्यास थंड पाण्यात पिळलेला रुमाल ठेवा.

त्याऐवजी: सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी, साबण नसलेला आणि बिनवासाचा सौम्य क्लेन्झर, फक्त बोटांनी, अर्धा मिनिट. टॉवेलने घासू नका, टिपा. चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर औषध, मग साधं मॉइश्चरायझर. ओल्या चेहऱ्यावर औषध लावलं की झोंबतं, आणि मग ‘मला सोसत नाही’ म्हणून चांगलं औषध टाकून दिलं जातं. सकाळी शेवटी झिंक ऑक्साइडचं एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, चेहरा-मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं. पांढरं दिसत असेल तर त्वचेच्या रंगाचं घ्या. रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, जायचंच असेल तर आधी मॉइश्चरायझरचा जाड थर द्या. परतल्यावर कोरडा गुलाल आधी झटका, उरलेला पाण्याने जाऊ द्या. दोन दिवस गाल गुलाबी राहिले तरी चालतील, पण खरवडू नका.

‘रात्री ट्यूब लावा’

सगळ्यात जास्त नुकसान या एका ओळीने होतं. ‘गोरेपणाच्या’ किंवा ‘वांगाच्या’ अनेक ट्यूबांत स्टिरॉइड असतं. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन. यांपैकी एखादं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीने असेल तर ती वांगाची तिहेरी ट्यूब. वांगावर डॉक्टर ती मोजक्या आठवड्यांसाठी देतात, रोझेशियाच्या चेहऱ्यावर तिचं काम नाही.

फसगत होते कारण पहिल्या आठवड्यात ती खरंच लागू पडते. स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, दाह दबतो, चेहरा उजळ दिसतो. मग काकूंची ट्यूब वहिनींकडे जाते, वहिनींची त्यांच्या बहिणीकडे. काही आठवडे-महिन्यांत त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या उगवतात. बंद केली की काही दिवसांत चेहरा भाजल्यासारखा पेटतो, म्हणून पुन्हा लावली जाते. अशाने रोझेशिया नसलेल्या माणसालाही रोझेशियासारखाच आजार होतो. २०१८ पासून अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण काउंटरवर तो नियम किती पाळला जातो हे इंदूरकरांना सांगायला नको. महिनोन् महिने लावली असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. भडका काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत टिकू शकतो, आणि तो निभावून न्यायला औषधं आहेत.

‘२१ दिवसांत कायमचं जातं’

जात नाही, आटोक्यात राहतं. पुटकुळ्यांसाठी आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीम दिवसातून एकदा: कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल, प्रत्येक जागी वाटाण्याएवढं. फरक चार आठवड्यांत दिसू लागतो, पुरता गुण यायला बारा ते सोळा लागतात. तिसऱ्या आठवड्यात सोडून देणं ही नेहमीची चूक. मेट्रोनिडाझोल ०.७५ टक्के किंवा ॲझेलाइक ॲसिड १५ टक्के जेल दिवसातून दोनदा, हे दुसरे पर्याय. ॲझेलाइक पहिले काही दिवस चुणचुणतं. जास्त त्रासाला डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. ती गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिका भाजते. या वयात कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चालूच असतात. त्यांच्यात आणि हिच्यात दोन-तीन तासांचं अंतर हवं, नाहीतर ती शोषली जात नाही. गर्भवतींना ती देत नाहीत.

कायमच्या दिसणाऱ्या शिरांवर मात्र यातलं काहीच चालत नाही. त्यांना लेझर लागतो, आणि सावळ्या त्वचेवर तो चुकला तर काळे डाग राहतात. स्वस्तातलं पॅकेज बघून जाऊ नका, अशा त्वचेवर नेहमी काम करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा.

‘डॉक्टर नको’

रोझेशिया डोळ्यांतही उतरतो: वाळू गेल्यासारखं खुपणं, पापण्यांच्या कडा लाल, वारंवार रांजणवाडी. मिटलेल्या पापणीवर गरम पाण्यात पिळलेलं छोटं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवा, गालांना लागू न देता. डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल किंवा अंधुक दिसत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. नाक जाड होणं बहुतेक पुरुषांत दिसतं, आणि त्यावरून कुणाला दारुडा ठरवू नये.

चेहऱ्यावरची लाली ल्युपससारख्या आजाराचीही असू शकते. ॲम्लोडिपिनसारख्या बीपीच्या गोळीनेही चेहरा तापतो, पण ती आपल्या मनाने बंद करायची नसते. म्हणून एकदा दाखवाच, एम.वाय. हॉस्पिटलच्या त्वचा विभागात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला. जाताना मेकअप नको. नंबर लागेपर्यंत लाली ओसरलेली असते, तेव्हा चेहरा तापलेला असतानाचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा.