निकाल सांगू नकोस

ज्या कुस्तीचा निकाल पगारी लेखक आधीच लिहून ठेवतात, तो निकाल आपल्याला कळू नये म्हणून मी एक अख्खा सोमवार चोरासारखा काढला आहे. फोन बंद, इंटरनेट बंद, आणि लिफ्टऐवजी जिना. लिफ्टमध्ये लोक बोलतात.

आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, 8 जानेवारी 2006 ला, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावात डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीच्या कंपनीचा 'न्यू इयर्स रेव्होल्यूशन' हा पे-पर-व्ह्यू झाला. मी तेव्हा शेजारच्या न्यू जर्सीत एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचो. पे-पर-व्ह्यूचा धंदा तेव्हा सरळ होता. दर आठवड्याला टीव्हीवर फुकटात भांडणं लावायची, महिनाभर ती मंद आचेवर ठेवायची, आणि प्रकरण उतू जायला आलं की झाकण घालून म्हणायचं, पुढचं बघायचं तर पैसे टाका. एका रात्रीचे पस्तीसेक डॉलर. पाच जणांत वाटले की माणशी सात. आमचा अड्डा ऑफिसातल्या टेस्टरच्या घरी असायचा, कारण त्याच्या रूममेट मंडळींचा टीव्ही सगळ्यात मोठा. खुद्द टेस्टर वर्गणी द्यायचा नाही. "खोट्याचे सात डॉलर?" एवढं तत्त्व सांगून तो सोफ्याच्या बरोबर मध्ये बसायचा आणि तीन तास बघायचा.

या टेस्टरचं आणि माझं ऑफिसात हाडवैर. मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून बग काढणं हे त्याचं काम, आणि तो बग नाहीच हे सिद्ध करणं माझं. मीटिंगमध्ये आम्ही एकमेकांकडे असे बघायचो की मॅनेजर मध्ये खुर्ची टाकून बसायचा. मग साडेपाच वाजता दोघंही एकाच गाडीतून, त्याच्याच, गार्डन स्टेट पार्कवेने घरी. पेट्रोल निम्मं-निम्मं.

कुस्तीवाल्यांत या गोष्टीला 'केफेब' म्हणतात. रिंगमधल्या वैऱ्यांनी बाहेरही वैरीच दिसायचं, एका टेबलावर जेवायचं नाही, एका गाडीत बसायचं नाही. 1987 च्या मे महिन्यात ह्याच पार्कवेवर पोलिसांनी एक गाडी अडवली. आत जिम डगन आणि आयर्न शीक. एक अमेरिकेचा झेंडा आणि हातात लाकडी फळी घेऊन रिंगमध्ये यायचा, दुसरा इराणचा जयजयकार करत; आणि त्या दिवसांत टीव्हीवर दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले. पोलिसांना गाडीत जे सापडलं त्याचा बोभाटा झालाच, पण कंपनीला खरं झोंबलं ते हे की दोघं एका गाडीत सापडले. दोघांनाही घरी बसवलं. मी हे टेस्टरला सांगितल्यापासून ऑफिसच्या आवारात शिरताना आम्ही गाडीतून वेगवेगळे उतरायला लागलो.

तर त्या रविवारी रात्री माझं प्रॉडक्शन रिलीज निघालं. रिलीज यशस्वी झाल्याची मेल मॅनेजरने शुक्रवारीच लिहून ठेवली होती, फक्त पाठवायची बाकी होती. तरी मला रात्रभर बसवलं. कुस्तीवर खोटेपणाचा आरोप करणारे लोक नोकरी कुठे करतात, मला कळत नाही. रूममेट मंडळींनी व्हीसीआरवर कॅसेट लावून ठेवायचं कबूल केलं. सोमवारी रात्री नऊला टीव्हीवर 'रॉ' हा त्यांचा फुकटातला कार्यक्रम लागायचा आणि पहिल्याच मिनिटाला कालचा सगळा निकाल तोंडावर फेकायचा. म्हणजे मला सकाळपासून रात्री नऊपर्यंतचा गड लढवायचा होता.

सकाळी गाडीत बसताबसता मी टेस्टरला म्हटलं, "एक शब्द बोलायचा नाही."

"अरे, निकाल ठरलेला असतो," तो म्हणाला. "मग तो कळला तर बिघडलं काय?"

याला उत्तर नाही. असतं तर मी आत्तापर्यंत दिलं असतं. मी नेहमीप्रमाणे चिडून इतिहासात शिरलो. म्हटलं, ठरलेलं असतं हे तू काय सांगतोस? 1989 साली कंपनीनेच ह्याच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलंय की हा खेळ नव्हे, करमणूक आहे. खेळ म्हटला की सरकारी नियंत्रण आलं, कर आला. कराच्या भीतीने खरं बोललेली ही जगातली एकमेव कंपनी असेल. आणि ठरवलेलं तसंच घडतं असंही नाही. गेल्या वर्षीचा रॉयल रंबल आठव. दोरावरून खाली पडेल तो बाद, आणि तीस जणांतले शेवटचे दोघे, सीना आणि बटिस्टा, एकदमच खाली कोसळले. एक रेफरी ह्याचा हात वर करतोय, दुसरा त्याचा. कंपनीचे मालक विन्स मॅकमहन संतापाने लाल होऊन धावत आले, रिंगमध्ये घुसताना दोन्ही मांड्यांचे स्नायू तुटले, आणि तो साठीला टेकलेला करोडपती रुसलेल्या पोरासारखा पाय पसरून रिंगमध्ये बसून राहिला. बसल्याबसल्याच त्याने दोघांना पुन्हा लढायला लावलं. हे कुठल्या लेखकाने लिहिलं होतं?

"मग काल कोण—" टेस्टरने सुरुवात केली आणि मी रेडिओ मोठा केला. लगेच बंदही केला. रेडिओवरही लोक बोलतात.

ऑफिसच्या दारावरचा सुरक्षारक्षक साडेसहा फुटी आणि कुस्तीवेडा. मला बघून त्याने तोंड उघडलं, मी दोन्ही हात वर केले, त्याला समजलं. सज्जन माणूस. काही न बोलता त्याने नुसती मान हलवली. पण कशी हलवली? दुःखाने? कौतुकाने? ती मान मला दुपारपर्यंत पुरली.

तीनच्या मीटिंगपर्यंत मी शाबूत होतो. मीटिंगमध्ये टेस्टरने तीन आठवड्यांपासून लावून धरलेला एक बग निघाला. रकमेचा शेवटचा पैसा कुठेतरी गळत होता. मी अशी काही आकडेमोड दाखवली की तो पैसा गळणं ग्राहकाच्याच हिताचं आहे असं मॅनेजरला वाटायला लागलं. त्याने जागच्या जागी बग बंद केला. टेस्टर काही बोलला नाही. कागद गोळा केले, उठला, माझ्या खुर्चीमागून जाताना वाकला आणि कानात म्हणाला, "सीना जिंकला. सहांतला शेवटी तोच उरला."

कुस्तीत याला 'हील टर्न' म्हणतात. साथीदार पाठीत खुर्ची घालतो तो क्षण. फरक इतकाच की रिंगमध्ये ज्याच्या पाठीत बसते त्याला ते आधी सांगितलेलं असतं.

परतीच्या प्रवासात मी बोललो नाही. तरी त्याच्या घरी गेलो, कारण सात डॉलर दिले होते. रूममेट दोघंच घरी होते. "कळलं वाटतं?" एकाने विचारलं. मी म्हटलं, ह्याने सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि काहीही कारण नसताना स्वयंपाकघरात निघून गेले.

वेळ थोडा, कॅसेट तीन तासांची, म्हणून बाकीच्या कुस्त्या पळवल्या. रिक फ्लेअर आणि एजची तेवढी अधूनमधून पाहिली. एज जिथे जाईल तिथे हातात एक ब्रीफकेस. "विमा एजंट आहे का हा?" टेस्टरने विचारलं. मी सांगितलं, गेल्या एप्रिलमध्ये शिडीवर चढून जिंकलेली पेटी आहे ती. आत करार आहे, वर्षभरात कधीही विजेतेपदासाठी आव्हान द्यायचं. नवीनच काढलंय, अजून कोणी वापरलेलं नाही. सांगितलं आणि विसरलो.

मग एलिमिनेशन चेंबर. रिंगभोवती साखळ्यांचा प्रचंड गोल पिंजरा, दोघे लढतात, चौघे काचेच्या कपाटांत उभे, आणि दर काही मिनिटांनी एक कपाट उघडतं. निकाल माहीत असलेला माणूस सामना कसा बघतो? तपासनिसासारखा. कर्ट अँगल गेला, केन गेला, शॉन मायकल्स गेला, मी नुसता टिकमार्क करत होतो. शेवटी सीना रक्तबंबाळ, आणि समोर कार्लिटो आणि ख्रिस मास्टर्स, एकमेकांचे दोस्त. तेवढ्यात कार्लिटोने मागून मास्टर्सलाच गुंडाळून बाद केलं. मी टेस्टरकडे पाहिलं. तो कॅसेटच्या रिकाम्या खोक्यावरचा मजकूर वाचत होता. दुसऱ्याच क्षणी सीनाने कार्लिटोला गुंडाळला. घंटा.

"बघ, सांगितलं होतं," टेस्टर म्हणाला आणि मला घरी सोडायचं म्हणून बूट घालायला लागला. "काल मी एवढं बघून झोपायला गेलो. सकाळी गाडी चालवायची होती."

सीना गुडघ्यांवर, कपाळावरून रक्त, हातात विजेतेपदाचा पट्टा. आणि मॅकमहनचं संगीत वाजलं. मालक बाहेर आले, पिंजरा वर उचला म्हणाले, आणि सांगितलं की आज आणखी एक सामना आहे. स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही रूममेट येऊन उभे राहिले. टीव्हीकडे नाही, आमच्याकडे बघत.

एज आला. हातात पेटी.

"हा कशाला आला?" टेस्टरच्या एका पायात बूट, दुसरा हातात. "सामना संपला ना? अरे, तो दमलाय! नऊ महिने गप्प बसला आणि आता? रेफरी काय करतोय? याला कोणी विचारत नाही का?"

एजने धावत जाऊन खांदा सीनाच्या पोटात घातला. दोनदा. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पट्टा गेला. रूममेट टाळ्या वाजवत होते, मी सोफ्यावर उभा होतो, आणि टेस्टर हातातला बूट टीव्हीच्या दिशेने नाचवत कुठल्याशा नियमाचा हवाला देत होता.

मला सोडायला येताना पार्कवेवर तो बोलला नाही. एकदाच, टोलचे पैसे टाकताना म्हणाला, "आधी थकवायचं आणि मग यायचं. ही काय पद्धत झाली?"

मंगळवारी सकाळी ऑफिसात मशीन चालू केलं, तर सोमवारी बंद झालेला तो पैशाचा बग पुन्हा उघडलेला. वेळ सकाळी सात वाजून दोन मिनिटं, मी कोट काढायच्या आधीची. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: 'एज'.