शॉवरसाठी मुख्य नळाला पंप लावू नका

'जुन्या घरात शॉवरची धार बारीक येते? मुख्य नळजोडणीलाच पंप लावा', असा सल्ला सध्या गोव्यात फोंडा-डिचोलीकडे मोबाइलवर फिरतो आहे. कृपया तो ऐकू नका. पंपाने पाणी ओढले की वाहिनीतला दाब घटतो आणि फटींतून बाहेरचे गढूळ पाणी आत शिरू शकते. ते शेजाऱ्यांच्या घरीही जाते. आपल्या पावसाळ्यात तर हा धोका फारच मोठा.

दोष बहुधा घरातच असतो. जुने लोखंडी पाइप आतून गंजतात, अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिलीएवढी वाट उरते. पंपाने ती रुंद होत नाही. आधी शॉवरचे तोंड काढून बादली भरून बघा. धार जोरात आली तर जाळी चोंदली आहे. रात्रभर व्हिनेगरात ठेवा. मंदच राहिली तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत ना पाहा, मग पाइप बदला. गरम पाण्यालाही चालणारे सीपीव्हीसी (एक प्रकारचे प्लास्टिक) पाइप घ्या.

टाकीच्या उंचीचाही प्रश्न आहे. टाकीच्या दर मीटर उंचीला दाब जेमतेम ०.१ बार (बार हे दाबाचे माप) मिळतो, आणि कौलारू घरांत टाकी शॉवरच्या फार वर नसते. तिथे पंप लागतोच, पण तो टाकीनंतर बसवायचा.