ठकी आणि ओटा

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरातला ओटा 32 इंच उंच. मांजर आपल्या उंचीच्या पाचपट उडी सहज मारतं, हे मी नंतर वाचलं. ठकीला ते न वाचताच येत होतं. सकाळी चहाला गेलो की शेगडीपासून डाळीच्या कुकरपर्यंत चार-चार बोटांची ओली नक्षी. आईच्या रांगोळीपेक्षा रेखीव.

आधी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली हाती घेतली. चार फवाऱ्यांत ठकी शिकली. काय शिकली? तर बाटलीवाला जागा असताना ओट्यावर जायचं नाही. रात्री दोनला टोपावरचं झाकण पडलं, तेव्हा बाटलीवाला झोपला होता.

मग दोन्हीकडून चिकटणारी पट्टी. मांजराच्या पायाला चिकटलेलं काही खपत नाही म्हणतात. पट्टीला पहिल्या दिवशी आईचं कोपर चिकटलं, दुसऱ्या दिवशी मिठाचा डबा. तिसऱ्या दिवशी पट्टी गेली. संत्र्याच्या सालींचा वास मांजराला सोसत नाही, म्हणून त्या मांडल्या. आईने "ओट्यार कोयर कोणें उडयलो?" म्हणत कचऱ्यासारख्या झाडून टाकल्या.

शेवटी अक्कल आली. मांजराला उंच जागा हवी असते, तर ती देऊ. खिडकीजवळ उंच स्टूल ठेवलं, वर जुना पंचा. ठकी त्यावर बसली की लगेच खाऊचे दोन दाणे, ओरडाआरडा बंद. 1 जूनला सुरुवात केली. आठवड्याभरात ठकी स्टुलावर आणि ओटा आरशासारखा. जुलैत मी शेजाऱ्यांना सल्ले देऊ लागलो. एका काकूंना तर, त्यांनी विचारलं नसताना, अर्धा तास. पुढे श्रावण आला, गेला. ठकी दूधभात खाऊन स्टुलावर ध्यानस्थ.

दीड दिवसाचा गणपती पोचवला आणि दुसऱ्या दिवशी दारात नुस्तं (मासळी) विकणारी नुस्तेकार्न. आईने सिंकपाशी बांगडे ओतले, हुमणासाठी, म्हणजे माशाच्या कालवणासाठी, तिरफळं काढली. मी वळून पाहिलं तर स्टुलावर नुसता पंचा. ठकी ओट्यावर, आईच्या कोपराला टेकून.

1 जून ते 31 जुलै, 61 दिवस ट्रॉलरना मासेमारीची बंदी. त्यात आमच्या घरचा श्रावण. सुकं नुस्तं भाजायचं तेही मागीलदारी, चुलीवर. तीन महिने ओट्यावर नाव घेण्यासारखं काही नव्हतंच, आणि मी शिक्षक म्हणून मिरवत होतो!

"ठके, खाली!" मी बाटली उचलली.

नुस्तेकार्न दारातूनच हसली. "माजर तें बाबा. नुस्तें सोडून भाजी खातलें?"

आईने एक बांगड्याचं डोकं ठकीपुढे सरकवलं आणि माझ्याकडे न बघताच स्टूल मागत म्हणाली, "तें स्टूल रितेंच आसा न्हय? हाड हांगा. पांय दुखतात."